वडिलांची गिटार, मुलाचा हात आणि मालकीचा प्रश्न

अमेरिकन संगीतकार फ्रँक झाप्पा १९९३ च्या डिसेंबरमध्ये गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्यानंतर त्याचं संगीत मंचावर जिवंत ठेवण्यासाठी सर्वाधिक कष्ट घेतले ते त्याचा थोरला मुलगा ड्वीझिल याने. २००६ पासून दहा वर्षं तो 'झाप्पा प्लेज झाप्पा' या नावाने कार्यक्रम करत होता. २०१६ साली हे नाव त्याला सोडावं लागलं. नावाची मालकी कौटुंबिक ट्रस्टकडे होती आणि ट्रस्टचा कारभार धाकट्या भावंडांच्या हाती होता. पुढे २०१९ मध्ये ट्रस्टच्या संमतीने फ्रँकची होलोग्राम-प्रतिमा दौऱ्यावर निघाली, आणि ड्वीझिल त्यात नव्हता.

वादक गेल्यावर त्याच्या वाजवण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न या घटनांमधून अगदी उघडा होऊन समोर येतो. ज्याच्याकडे कागद आहेत त्याचा, की ज्याने तो हात आत्मसात केला त्याचा? कायद्याची पुस्तकं उघडण्याआधी बाप-लेकांचं वाजवणं नीट ऐकलं पाहिजे, कारण उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. दोघांच्या शैली जन्मतः सारख्या नव्हत्या. मुलाने वडिलांचा हात प्रौढ वयात, स्वतःची सवय मोडून कमावला. जी गोष्ट रक्तातून आपोआप येत नाही ती मृत्युपत्रातूनही आपोआप जात नाही, असं मला वाटतं, आणि मालकीचे नियम ठरवताना हे लक्षात घेतलं जात नाही ही माझी तक्रार आहे.

आधी वडिलांचा हात. फ्रँक मुळात ड्रम वाजवणारा. गिटार त्याच्या हाती आली ती अठराव्या वर्षाच्या आसपास, आणि त्याचे आदर्श होते जॉनी 'गिटार' वॉटसन, क्लॅरेन्स 'गेटमाउथ' ब्राउन, गिटार स्लिम यांच्यासारखे ब्लूज वाजवणारे. या दोन गोष्टींनी त्याचं वाजवणं घडलं. सूर धारदार, बोचरा, ब्लूजमधला. लय मात्र तालवाद्य वाजवणाऱ्याची.

तबला शिकलेल्यांना ही लय समजायला सोपी जाईल. चार मात्रांच्या जागेत पाच बसवले की सव्वापट, सहा बसवले की दीडपट, सात बसवले की पावणेदोनपट. आपल्याकडे याला कुआड, आड, बिआड म्हणतात आणि वादक ती मोजून, ठरवून करतो. फ्रँकच्या सोलोमध्ये, म्हणजे एकट्या गिटारच्या उत्स्फूर्त वाजवण्यात, असे गट एकापाठोपाठ येतात, पण ठरवून लावल्यासारखे वाटत नाहीत. पाचाचा एक गट, मग तीन सूर रेंगाळलेले, मग सात, मग एक मोठा श्वास. कुणीतरी भरभर बोलतंय, मध्येच अडखळतंय, पुन्हा जोरात सांगतंय, असा तो ओघ असतो. स्टीव्ह वाय हा तरुण गिटारवादक त्याच्याकडे आला तो नोटेशन लिहिणारा म्हणून. हे सोलो कागदावर उतरवताना त्याला पाच, सात, अकरा, तेराचे गट, तेही एकात एक अडकलेले, लिहावे लागले. ते नोटेशन १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आलं. पुस्तकाचं कोणतंही पान उघडलं तरी लक्षात येतं की इथे सूर फारसे अवघड नाहीत, ते कुठे ठेवलेत ते अवघड आहे.

उजवा हात त्या मानाने आळशी. प्रत्येक सूर पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने) छेडायचा ही त्याची पद्धत नाही. पहिला सूर छेडायचा आणि पुढचे दोन-तीन डाव्या हाताच्या हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने, म्हणजे तारेवर बोट आपटून किंवा ओढून सोडून, काढायचे. त्यामुळे सुरांचं वजन असमान राहतं. छेडलेला सूर ठळक, बाकीचे त्याच्या मागे सरपटत येणारे. बोलण्यातही एखाद्या अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरं गिळली जातात, तसं. एक वेगळी युक्तीही तो वापरायचा, जिला तो बल्गेरियन बॅगपाइप म्हणायचा: पिक फिंगरबोर्डवर नेऊन पिकच्याच कडेने तार दाबायची, म्हणजे उजवा हातही सूर धरणारा हात बनतो. डाव्या हाताने खालचा सूर धरून ठेवला की वर थरथरणारी, अखंड फिरत राहणारी स्वरमाला तयार होते.

आणि हे सगळं कशावर? एका किंवा फार तर दोन कॉर्डांच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांच्या) व्हँपवर, म्हणजे सतत परतणाऱ्या साथीवर. जॅझमधली सतत बदलणारी कॉर्डांची साखळी त्याला नकोशी होती. बास आणि ड्रम एका जागी फिरत राहायचे आणि वर तो एकेक मोड उलगडायचा. लिडियन मोड म्हणजे आपल्या कल्याण थाटाचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, डोरियन म्हणजे काफीचे. षड्ज कानात सतत वाजत असताना रागविस्तार ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला फ्रँकचे लांब सोलो रॉकच्या नेहमीच्या श्रोत्यापेक्षा लवकर उमगतात, असा माझा अंदाज आहे. १९७९ च्या 'जोज गराज' या अल्बममधलं 'वॉटरमेलन इन ईस्टर हे' त्यासाठी ऐकावं. नऊ मात्रांचं आवर्तन, दोन कॉर्ड, आणि एक सूर कुठे सोडायचा याचा शेवटपर्यंत केलेला विचार.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नक्कल करणारे बहुतेक जण इथेच घसरतात. फ्रँकच्या हातात बहुतेक वेळा गिब्सन एसजी असायची. वा-वा पेडल बाकीचे लोक पाय वरखाली हलवून 'वाव-वाव' असा आवाज काढायला वापरतात. तो ते अर्ध्यावर कुठेतरी आणून तिथेच ठेवायचा. हे पेडल म्हणजे एक फिल्टर. साधारण ४०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला एक अरुंद भाग ते उचलून धरतं आणि पाय हलला की तो भाग सरकतो. पाय स्थिर ठेवला तर गिटारला नाकातून बोलल्यासारखा ठरावीक स्वभाव मिळतो. चूक होते ती अशी: पेडल थोडं जास्त पुढे गेलं की आवाज किरटा होतो, थोडं मागे राहिलं की गढूळ. आणि कुठल्या गिटारला, कुठल्या अँपला कोणता बिंदू जमतो हे दरवेळी कानानेच शोधावं लागतं. आकडा लिहून ठेवून भागत नाही.

दुसरी गोष्ट फीडबॅक. अँपमधून निघालेला आवाज गिटारच्या तारेला पुन्हा हलवतो आणि सूर न छेडता टिकून राहतो. कोणता सूर असा टिकेल हे हॉल, अंतर, आवाजाची पातळी आणि वादक कोणत्या कोनात उभा आहे यावर ठरतं. फ्रँकने गिटारच्या पोटातच इक्वलायझरचं सर्किट बसवून घेतलं होतं, म्हणजे त्या त्या हॉलमध्ये हवी ती फ्रीक्वेन्सी वाढवून हव्या त्या सुराला फीडबॅक देता येई. १९७६ च्या 'झूट अल्यूर्स' या अल्बममधले लांब, फुलत जाणारे सूर असे आलेले आहेत. स्टुडिओत मात्र तोच माणूस पिगनोजसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या चिमुकल्या अँपवरही समाधानी असायचा.

आता मुलगा. ड्वीझिल १९६९ चा. तो गिटार धरण्याच्या वयाला आला तेव्हा एडी व्हॅन हेलन या रॉक गिटारवादकाने सगळ्या अमेरिकेतल्या पोरांना वेड लावलं होतं, आणि याला तर तो प्रत्यक्ष भेटत होता. १९८२ मध्ये, बारा-तेराव्या वर्षी, ड्वीझिलची पहिली एकेरी तबकडी आली ती व्हॅन हेलनच्या देखरेखीखाली. सुरुवातीचे धडे स्टीव्ह वायकडून. तेव्हा त्याचा हात घडला तो त्या दशकाच्या साच्यात: प्रत्येक तारेवर तीन सूर असलेले स्केलचे आकार, खाली-वर सम चालणारं अल्टरनेट पिकिंग, दोन्ही हातांचं टॅपिंग, ट्रेमोलो आर्मने (तारा सैल करणाऱ्या दांडीने) सूर खोल बुडवणं. गट चाराचे किंवा सहाचे, सगळे सूर एकसारख्या वजनाचे, आणि वाक्य संपतं ते ठोक्यावर.

वडिलांच्या हाताच्या हे जवळपास उलटं आहे. वडील असमान, मुलगा सम. वडिलांचा जोर लयीच्या कोड्यावर, मुलाचा वेगावर आणि सफाईवर. १९८८ च्या दौऱ्यात दोघं एकत्र वाजवतानाची मुद्रणं 'ट्रान्स-फ्यूजन' या २००६ मध्ये निघालेल्या अल्बमच्या पहिल्या आणि शेवटच्या रचनेत आहेत: 'चुंगाज रिव्हेंज' आणि 'बव्हेरियन सनसेट'. तुलना करायची तर या दोनांपासून सुरुवात करावी. एका घरात वाढूनही हात किती वेगळे घडू शकतात ते तिथे कळतं.

वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ड्वीझिलने ठरवलं की हे संगीत नव्या पिढीपुढे वाजवायचं, आणि त्यासाठी त्याने जवळजवळ दोन वर्षं बाकी सगळं बाजूला ठेवून तयारी केली. कशाची तयारी? गाणी पाठ करण्याची नव्हे. 'ब्लॅक पेज', 'इन्का रोड्स', 'सेंट अल्फॉन्झोज पॅनकेक ब्रेकफास्ट' यांतल्या मारिंबा (मोगऱ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आणि कीबोर्डसाठी लिहिलेल्या ओळी त्याला गिटारवर वाजवायच्या होत्या. फ्रँकने स्वतः त्या गिटारवर वाजवल्या नव्हत्या. तो अशा ओळी रूथ अंडरवूडसारख्या तालवाद्यवादिकेकडे सोपवायचा आणि स्वतः सोलोला यायचा.

मारिंबावर दोन सूर एकमेकांपासून कितीही लांब असले तरी दोन हातांतल्या दोन मोगऱ्या ते सहज वाजवतात. गिटारवर लांबचा सूर म्हणजे मधली एखादी तार ओलांडून पलीकडे जाणं. अल्टरनेट पिकिंगच्या सवयीत हात तार ओलांडताना उशीर करतो, मधल्या तारेला धक्का लागून खरखर येते, आणि ती टाळायला वादक हात उचलतो की सूर तुटतात. उपाय दोन. एक, पिकची दिशा ठरावीक न ठेवता ज्या तारेकडे जायचं त्या दिशेनेच ढकलणं. दोन, डाव्या हाताच्या बोटांच्या पोटाने आणि उजव्या तळव्याच्या कडेने न वाजणाऱ्या सगळ्या तारा सतत झाकून ठेवणं. वीसेक वर्षं एका पद्धतीने चाललेल्या हाताला हे शिकवणं म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. जुनं पुसायलाच जास्त वेळ लागतो.

लयीचा भाग याहून अवघड. 'ब्लॅक पेज' फ्रँकने आधी टेरी बोझिओच्या ड्रमसाठी लिहिलं आणि नंतर त्यावर सुरावट चढवली. १९७६ च्या डिसेंबरमधल्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमांत ते मुद्रित झालं. ताल साधा चार मात्रांचा, पण आत तीनाच्या गटात पाचाचे गट. असं काही बसवायचं तर गिटार आधी खाली ठेवावी. मेट्रोनोम ६० वर लावून पाचाला 'तकतकिट', साताला 'तकिटतकधिमि' असे बोल म्हणावेत आणि पायाने मात्रा धरावी. बोल सम पडायला लागले की एकाच सुरावर पिकने वाजवावेत. सूर सगळ्यांत शेवटी. घाई केली तर ठरलेली चूक होते: पाचाचा गट चाराच्या जागांत कोंबला जातो, म्हणजे पहिले तीन सूर सावकाश आणि शेवटचे दोन पळालेले. सातात आठवा सूर गुपचूप शिरतो. याचं कारण हातात आहे. खाली-वर पिकिंगमध्ये पाच सूर वाजले की पुढची मात्रा 'वर'च्या आघाताने सुरू होते, आणि हाताला मात्रा 'खाली'ने धरायची सवय असते. त्यामुळे हात नकळत एक सूर जोडतो किंवा खातो. प्रत्येक गट दोन्ही दिशांनी सुरू करून बसवल्याशिवाय ही खोड जात नाही. आणि इथे फ्रँकचा 'आळशी' उजवा हात किती शहाणा होता ते समजतं. पहिला सूर छेडून बाकीचे डाव्या हाताने काढले की आघात मात्रेवर आपोआप खाली पडतो, गट कितीचाही असो.

ड्वीझिलने वडिलांचं वाजवणं पद्धत म्हणून शिकलं, माझ्या मते ही त्याची खरी कमाई. सोलोची तशीच नक्कल करायची तर कोणत्या सोलोची? 'इन्का रोड्स'चा अल्बमवरचा प्रसिद्ध सोलो घ्या. गाण्याचा पाया १९७४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या टीव्ही स्टुडिओत मुद्रित झाला आणि सोलो त्याच वर्षीच्या हेलसिंकीच्या कार्यक्रमातून कापून त्यावर बसवला गेला. म्हणजे ज्याला लोक 'मूळ' म्हणतात तेच कलम केलेलं आहे. 'जोज गराज'मधले तर 'वॉटरमेलन' सोडून जवळपास सगळे सोलो दुसऱ्या गाण्यांच्या मुद्रणातून आणून वेगळ्या तालावर चिकटवलेले. रोज रात्री नवा सोलो वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत शब्दशः नक्कल ही निष्ठा ठरत नाही. ड्वीझिल काही ओळखीच्या ठिकाणी वडिलांचं वाक्य जसंच्या तसं घेतो आणि तिथून स्वतःच्या वाटेने निघतो. पण चालतो त्यांच्या व्याकरणाने.

कमी कुठे पडतो तेही सांगतो. तो अजूनही जास्त स्वच्छ वाजवतो. फ्रँकच्या सोलोत तार फ्रेटवर खरखरते, बेंड किंचित खाली राहतो आणि मग ओरबाडून वर येतो, मध्ये लांब मोकळी जागा सुटते. ड्वीझिल ती मोकळी जागा भरतो. लहानपणी घडलेला सम हात वेग वाढला की परत डोकावतो. आवाजाच्या बाबतीत त्याने फ्रॅक्टल कंपनीच्या डिजिटल यंत्रावर एकेका गाण्यासाठी वेगळे प्रीसेट (आवाजाच्या साठवलेल्या जुळण्या) बांधले, आणि कानाला ते थक्क करणारे जवळचे वाटतात. पण वादक कानातल्या मॉनिटरवर ऐकत असेल आणि मंचावर मोठा अँप वाजत नसेल तर तारेला हवेतून धक्का बसत नाही. फ्रँकच्या फीडबॅकमधली अनिश्चितता, पुढच्या क्षणी कोणता सूर फुलेल याची धाकधूक, प्रीसेटमध्ये साठवता येत नाही. उलट, मारिंबाच्या ओळी गिटारवर इतक्या नेटक्या वाजवणं वडिलांना जमलं नसतं, आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता. तेव्हा 'बापाची सर आहे का' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. दोघं वेगवेगळ्या कामात पुढे आहेत.

महाराष्ट्राला हे चित्र ओळखीचं वाटावं. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ मध्ये गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजेच बापूराव, दहा वर्षांचे होते. वडिलांची गायकी त्यांना मिळाली ती वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून. आणि तरीही बापूरावांचं गाणं हे बापूरावांचंच राहिलं. ड्वीझिलला वडिलांच्या वाद्यवृंदातल्या वायकडून धडे मिळाले, पुढे वाय आणि बोझिओ त्याच्या पहिल्या दौऱ्यात सोबतीला उभे राहिले. परंपरा शिष्यांच्या हातून वळसा घेऊन घरी येते. त्यामुळे 'घरचं' आणि 'बाहेरचं' अशी जी रेघ मालकीचा कायदा ओढतो, ती संगीताच्या बाबतीत फार कच्ची असते.

आता त्या रेघेकडे. फ्रँकची पत्नी गेल २०१५ मध्ये वारली तेव्हा ट्रस्टमधले वाटे असे होते: आहमेट आणि दिवा या धाकट्या दोघांना प्रत्येकी ३० टक्के, थोरल्या मून आणि ड्वीझिल यांना प्रत्येकी २० टक्के. निर्णयाचा अधिकार धाकट्यांकडे. ट्रस्टची बाजू पूर्णपणे चुकीची होती असं मी म्हणत नाही. रचनांचं मानधन सगळ्या वारसांना मिळालं पाहिजे आणि झाप्पा हे नाव लावून कुणीही टी-शर्ट विकू नयेत, हे रास्तच आहे. पण प्रसिद्ध झालेलं गाणं मंचावर वाजवण्यासाठी अमेरिकेत सहसा सभागृहाने मानधन गोळा करणाऱ्या संस्थांकडून घेतलेला सामूहिक परवाना पुरतो. आपल्याकडेही व्यवस्था साधारण तशीच. म्हणजे रचनाकाराच्या घरी पैसे पोचण्याची सोय आधीच आहे. त्यावर आणखी नावाच्या मालकीचं कुलूप लावलं की ते पैशासाठी उरत नाही, कोण वाजवणार हे ठरवण्याचं हत्यार होतं. ज्याने कष्ट करून हात कमावला त्याला स्वतःचं आडनाव फलकावर कसं लिहायचं यासाठी भावाकडे विचारणा करावी लागते, आणि मी हे अन्यायाचं मानतो. भावंडांमध्ये २०१८ मध्ये तडजोड झाली. पण नियम होता तसाच आहे.

हे कुटुंबातलं भांडण म्हणून सोडून देता येत नाही, कारण ट्रस्ट बाहेरच्यांनाही आडवा आला होता. जर्मनीतल्या बाड डोबेरान गावात १९९० पासून झाप्पाच्या संगीताचा 'झाप्पानाले' हा उत्सव भरतो. ट्रस्टने नावावरून आयोजकांना न्यायालयात खेचलं. २००९ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने दावा फेटाळला. पुढच्या अपिलांत तर ट्रस्टचं चिन्हच वापरात नसल्याच्या कारणावरून रद्द ठरलं. वापर केला नाही तर नाव टिकत नाही, हे तत्त्व मला अतिशय योग्य वाटतं. संगीताच्या वारशालाही ते लावायला हवं.

होलोग्रामच्या दौऱ्यात नेमकं काय घडत होतं ते पाहा. फ्रँकचा आवाज आणि गिटार १९७४ च्या मुद्रणातली, सोबत त्याचे जुने सहकारी प्रत्यक्ष वाजवणारे, आणि मंचावर प्रतिमा. सहकारी उत्तम वादक, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण फ्रँक मंचावर हाताच्या खुणांनी वाद्यवृंद चालवायचा. केसांच्या बटा पिळल्यासारखी बोटं डोक्याजवळ फिरवली की चालू गाणं त्याच क्षणी रेगे व्हायचं. सोलोत तो ड्रमवाल्याला चकवायचा आणि ड्रमवाला त्याला परत गाठायचा. ठरलेलं मुद्रण ड्रमवाल्याकडे ऐकत नाही. ड्रमवाल्याने काही नवं केलं तर सोलो त्याला उत्तर देत नाही, आणि सगळ्यांना मुद्रणाच्या लयीला चिकटून राहावं लागतं. ज्याच्या कलेचा गाभाच त्या क्षणी बदलणं हा होता, त्याची न बदलणारी प्रतिमा अधिकृत आणि रोज नवा सोलो वाजवणारा मुलगा अनधिकृत, ही व्यवस्था उलटी आहे.

भारतात हा प्रश्न येऊन ठेपलेला आहे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' चित्रपटातल्या एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा घडवले, कुटुंबांच्या परवानगीने आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली. जिवंत गायकाचं संरक्षण झालं, उत्तम झालं. गेलेल्यांच्या बाबतीत मात्र 'वारसांची परवानगी' एवढाच निकष पुढे येतो आहे आणि तो मला अपुरा वाटतो. वारसाने परवानगी दिली म्हणून यंत्राने काढलेला आवाज त्या गायकाचा होत नाही. श्रोत्याला तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक हवं. आणि दुसऱ्या टोकाला, प्रत्यक्ष शिकून वाजवणाऱ्या माणसाला, तो मुलगा असो, शिष्य असो की कुठल्याशा गावातला निष्ठावान चाहता, रचनेचं मानधन चुकतं केल्यावर 'आम्ही अमक्याचं संगीत वाजवतो' असं जाहीर करायला कुणाची परवानगी लागू नये.

आपल्या संगीतकार घराण्यांनी यातून एक व्यवहाराची गोष्ट उचलावी. मृत्युपत्रात 'माझं संगीत मुलांना' असं एका ओळीत लिहू नये. रचनांचं मानधन, ध्वनिमुद्रणांची मालकी, नाव आणि चिन्ह, चेहरा आणि आवाजाची प्रतिकृती, वह्या आणि खाजगी मुद्रणं, हे पाच वेगवेगळे हक्क आहेत आणि प्रत्येकाबद्दल वेगळं लिहावं. मानधन सगळ्यांना सारखं वाटता येतं. वह्या आणि मुद्रणं मात्र वाजवणाऱ्याच्या किंवा शिकवणाऱ्याच्या हाती जावीत, आणि अभ्यासकांना ती पाहता येतील अशी अट त्यात असावी.

झाप्पांच्या बाबतीत २०२२ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपने सगळंच विकत घेतलं: मुद्रणं, रचना, नाव, प्रतिमा आणि तळघरातला मुद्रणांचा प्रचंड साठा. फ्रँक आपले बहुतेक कार्यक्रम मुद्रित करत असे. तेव्हा एकट्या 'इन्का रोड्स'चे उपलब्ध सोलो तारखेवार, गिटारचा ट्रॅक वेगळा करून आणि शेजारी नोटेशन देऊन प्रसिद्ध करणं त्या कंपनीला अशक्य नाही. आज एखाद्या मुलाला हा हात शिकायचा असेल तर त्याला वायचं १९८२ चं पुस्तक, ड्वीझिलच्या कार्यशाळा आणि स्वतःचे कान एवढ्यावरच भागवावं लागतं. जुन्या मुद्रणांचा आणखी एक भरजरी संच काढण्याआधी कंपनीने हे काम हाती घ्यावं.